टीव्हीवर टेनिस होतं, आबांच्या हातात गोफण

इथले जुने वाचक मला ओळखत असतील. कुणी लिहिलं की आमच्याकडे पंखा आपोआप सुरू होतो, तर खाली "रेग्युलेटर बदला" अशी कॉमेंट टाकणारा... कुणाला पडक्या विहिरीतून उसासे ऐकू आले, तर "फूटव्हॉल्व्ह गळतोय" असं कळवणारा... तो खवचट माणूस मीच. एका ताईंनी तर मला उत्तर दिलं होतं, "दादा, तुमच्यावर वेळ येईल तेव्हा कळेल." ताई, वेळ आली. तुम्ही अजून या ग्रुपवर असाल तर मनापासून माफी मागतो आणि पुढचं लिहितो.

माझं चिखलीत मोटार भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी खोलतो, वायर काढतो, नवीन वायर भरतो. सत्तावीस वर्षं हेच काम. मोटार का जळाली हे सापडल्याशिवाय मी ती बंद करत नाही. कारण असतंच. कधी उंदीर असतो, कधी पावसाचं पाणी, आणि बहुतेक वेळा मालकाचा मेव्हणा असतो. पण कारण असतं. त्यामुळे भूतखेत, साक्षात्कार, संकेत असल्या गोष्टींना माझ्या दुकानात जागा नव्हती. आता एक गोष्ट आहे, आणि ती कुठं ठेवायची ते मला कळत नाही.

आधी आबांबद्दल सांगतो, कारण गोष्ट त्यांची आहे. मी नुसता रिमोट धरून बसलो होतो, तोही चुकीचा.

आबा म्हणजे माझे वडील. चिखली–देऊळगाव राजा रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत बत्तीस वर्षं पी.टी.चे मास्तर होते. बाकीच्या शाळांत पी.टी. म्हणजे कवायत आणि पंधरा ऑगस्टचं लेझीम. आबांनी एका शिबिरात बेसबॉल पाहिला आणि गावात येऊन सुरू केला. बॅट कुठं मिळते, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग माझ्या वर्गातल्या सलीमभाईच्या वडिलांनी, रहीमचाचांनी, बाभळीच्या लाकडाची बॅट लेथवर काढून दिली. ती इतकी जड होती की नुसती खांद्यावर धरली तरी दंड भरायचे. आम्ही त्या बॅटनं खेळलो. शहरातल्या टीमच्या बॅटा हातात आल्या की आम्हाला वाटायचं, ही काय झाडू दिली का!

बेसबॉलमध्ये एक पद्धत असते. बॅटिंग करणाऱ्या टीमचा कोच तिसऱ्या बेसच्या बाजूला उभा राहून खुणा करतो. टोपीला हात, छातीला हात, बाहीवरून हात... त्यावरून बॅटरनं समजायचं की मारायचं, सोडायचं की हळूच टेकवायचं. शहरातल्या टीमना या पुस्तकातल्या खुणा पाठ. त्या टीम आमच्या खुणा आमच्या आधी ओळखायच्या. म्हणून आबांनी स्वतःच्या खुणा काढल्या, शेतातल्या. बैलाच्या पाठीवर थाप मारल्यासारखा हात हलवला, की बॉल नुसता टेकवायचा. उजव्या हातानं उजवा कान धरला, की थांबायचं, बॉल सोडून द्यायचा. आणि उजवा हात डोक्यावर नेऊन, ज्वारीवरची पाखरं हाकलताना गोफण फिरवतात तसा गरकन फिरवला, की बस! सगळा जीव लावून मारायचं. या खुणा फक्त आबांच्या पोरापोरींना माहीत. वर्गात शिकवल्या नाहीत, कुठं लिहिल्या नाहीत. आणि नियम एकच, प्रत्येक बॉलच्या आधी त्यांच्याकडे पाहायचं.

मी तो नियम एकदाच मोडला. जिल्ह्याची फायनल, बुलढाण्याचं मैदान, मी तिसऱ्या बेसवर. आबांनी कान धरला होता. थांब. मी पाहत होतो बाउंड्रीपलीकडच्या बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे. (गाडीजवळ कोण उभं होतं ते लिहिलं तर घरात चहा बंद होईल.) मी पळालो, आणि इतका लांबून बाद झालो की सलीमभाई अजून म्हणतो, "अबे, तू तर रनआउट नाई झालास, तू तर एसटीनं उशिरा आला." फायनल गेली.  परतताना गावाच्या स्टॉपला उतरल्यावर आबांनी विचारलं, "बंडू, डोळे कुठं होते?"

तेव्हापासून चाळीसएक वर्षं मी काहीही हरवलं, सांडलं, विसरलं, की हाच प्रश्न. माझ्याच लग्नात अक्षता पडताना मी बाजूच्या बँडवाल्याकडे पाहत होतो, तेव्हासुद्धा भटजींच्या मागून आवाज आला... डोळे कुठं आहेत?

मी खेळाडू झालो नाही. माझी पोरगी झाली. मनाली, आमची मनू. दुसरीत होती तेव्हापासून आबा रिटायर होऊन मोकळे, आणि ती शाळेतून येऊन मोकळी. दुकानामागच्या रिकाम्या प्लॉटवर दोघं. मी मोटारी भरायचो आणि मागून "कान! कान! अवं कान धरलाय ना मी, मारतीस काऊन!" असं ऐकू यायचं. सलीमभाई माझाच वर्गमित्र, आमच्या टीमचा कॅचर, आता त्याचं फर्निचरचं दुकान आहे. तोही मधूनच रंधा ठेवून यायचा आणि मनूसमोर कॅचर म्हणून बसायचा. उठताना मात्र आम्हा दोघांना मिळून त्याला उचलावं लागायचं.

मनू तालुका खेळली, जिल्हा खेळली, महाराष्ट्राकडून खेळली. आणि मग दीड वर्षापूर्वी आबांच्या उजव्या बाजूवरून वारं गेलं.

हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जगतील, पण किती कळतं ते सांगता येणार नाही. आम्ही रोज संध्याकाळी त्यांना समोरच्या खोलीत खुर्चीत बसवतो. उजवा हात मांडीवर उशी ठेवून त्यावर. घड्याळ त्याच हातात, डायल आतल्या बाजूला. मास्तर असताना घालायचे तसंच, शिट्टी तोंडात आणि नजर मैदानावर ठेवून मनगट जरा वळवलं की वेळ दिसावी म्हणून. घड्याळ काढायचा धीर आम्हाला झाला नाही. मी रोज सकाळी त्याला चावी देतो.

समोर टीव्ही लावतो. टेनिस असलं तर टेनिस. आबांना टेनिस फार आवडायचं. पोरांना बसवून सांगायचे, "बॉल पाह्यू नका रे, त्यायचे पाय पाह्या." पण आता टेनिसमध्ये बॉल इकडून तिकडं जातो आणि आबांचे डोळे जात नाहीत. नेटवर कुठंतरी एका जागी लागलेले असतात. आधीआधी रेखा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "पाह्यतात ते, मले समजते." नंतर तिनंही म्हणणं सोडलं.

गेल्या मे महिन्यात मनूची भारताच्या टीममध्ये निवड झाली. आशियातल्या मुलींची स्पर्धा, थायलंडला. निळी जर्सी घरी आली. मनूनं ती घातली आणि आबांसमोर जाऊन बसली. म्हणाली, "आबा, पाहा ना. इंडिया लिहिलंय." आबा पंख्याकडे पाहत होते. तिनं त्यांचा डावा हात धरून अक्षरांवरून फिरवला. आबा पंख्याकडेच.

ती आत जाऊन रडली. रेखाला म्हणाली, "मी नाई जात. ज्यांच्यासाठी जायचं त्यायलेच कळलं नाई." मी बापाच्या अधिकारानं दोन शब्द सांगायला गेलो आणि दारात उभा राहून आलो. शेवटी सलीमभाईनं तिला पाठवलं. म्हणाला, "बेटा, तू जाय. आबाले सांगायचं काम माह्यं. रोज येऊन सांगीन, कानात ओरडून सांगीन. तू फक्त खेळ."

ती गेली.

आता ती संध्याकाळ. जूनचा पहिला आठवडा, शनिवार. पाऊस नव्हता, कूलर घरघरत होता. साडेपाचला मी दुकान बंद करून आलो. खोलीत आम्ही चौघं. आबा खुर्चीत, त्यांच्या उजवीकडे सलीमभाई, डावीकडे मी, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रेखा, पेरणीच्या शेंगा फोडत. नीट उजेड होता, दार उघडं होतं, समोर रस्त्यावर वर्दळ होती. अंधार, कुत्र्याचं रडणं, वारा... यातलं काही नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मीच इथं इतरांना "लाइट किती वॅटचा होता?" असं विचारत आलोय.

टीव्हीवर दोन गोष्टी होत्या. डिशवर पॅरिसचं लाल मातीवरचं टेनिस, मुलींचा सामना. आणि बेसबॉल कुठल्याच चॅनलवर नव्हता, तो इंटरनेटच्या एका लिंकवर होता, ती मी मोबाइलवरून टीव्हीला जोडली होती. म्हणजे दोन रिमोट आणि एक मोबाइल. बेसबॉलचं चित्र मधूनमधून अडकायचं, गोल गोल चक्री फिरायची. ती फिरली की मी टेनिस लावायचो. चक्रीपेक्षा आबांना टेनिस बरं, असा माझा विचार. सलीमभाई वैतागला. "अबे बंडू, एकतर हे लाव नाईतर ते लाव. पोरगी बॅट घेऊन उभी रायते अन् तू मले चड्डीवाल्या मेमा दाखवून राह्यला!"

"त्यायचे पाय पाह्य," मी म्हणालो. आबांचंच वाक्य. आम्ही दोघं हसलो. आबा हसले नाहीत.

सामना यजमान टीमशी होता, आणि जिंकणारी टीम पुढं जाणार होती. सव्वासहाच्या सुमारास शेवटचा डाव आला. भारताची बॅटिंग. आपण एका रननं मागं. दोघी बाद झालेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपली एकेक पोरगी. आणि बॅटिंगला... रेखाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मनू.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की, चांगले बॉल तीन हुकले तर तुम्ही बाद, आणि वाईट बॉल सोडून देता आले पाहिजेत. मनूनं पहिल्या दोन बॉलवर जोरात बॅट फिरवली आणि दोन्ही हुकले. मग एक वाईट बॉल सोडला. आता एकच चान्स. तिचा चेहरा टीव्हीवर मोठा दिसला. मला कळलं, ती घाबरलीय. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत असायचा, तोच चेहरा.

आणि चित्र अडकलं. चक्री.

"अगं बाई!" रेखा म्हणाली.

मी जे करायचं ते केलं, म्हणजे घाईत चुकीचा रिमोट दाबला. भसकन टेनिस आलं. आवाजासकट. एक पोरगी सर्व्हिस करायच्या आधी बॉल जमिनीवर टपटप आपटत होती. मोबाइल माझ्या हातातून खुर्चीखाली पडला. मी वाकून तो शोधत होतो, तेवढ्यात सलीमभाईचा आवाज आला. मोठा नाही, बारीकच.

"बंडू... आबाचा हात."

मी वर पाहिलं. आबांचा उजवा हात उशीवर नव्हता. तो वर आला होता. वर्षभर मी तो हात धुतलाय, पुसलाय, नखं कापलीत. उचलला की पोत्यासारखा जड लागतो, सोडला की पडतो. तो हात आपणहून वर आला होता आणि आबांनी त्यांचा उजवा कान धरला होता.

टीव्हीवर ती पोरगी बॉल आपटतच होती.

 मी मूर्खासारखा म्हणालो, "आबा, हे टेनिस हाये." खरंच हेच म्हणालो. मोटार जळत असताना बिलाचं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हसतो, त्यातलाच प्रकार.

हात खाली आला. उशीवर नाही, हवेतच, छातीजवळ थांबला. आबांचे डोळे नेटवर नव्हते. टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याच्याही पलीकडे, भिंतीवर. तिथं काही नाही, एक खिळा आहे, कॅलेंडरचा. पण त्या नजरेला मी ओळखतो. पोराचा पाय बेसवर आहे की नाही ते पाहताना असायची, तीच. अर्धं मिनिट गेलं असेल. हात परत वर गेला. परत कान.

"थांब म्हणून राह्यले," सलीमभाई कुजबुजला. "कोणाले थांब म्हणून राह्यले?"

रेखा उठून उभी राहिली होती. तिच्या ओच्यातल्या शेंगा सगळ्या खाली.

मग हात डोक्याच्या वर गेला. पूर्ण वर, कोपर ताठ. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सैल झालाय, तो खाली कोपराकडे घसरला. आणि आबांनी हात फिरवला. एकदाच. गरकन.

गोफण.

हात खाली पडला. अर्धा उशीवर, अर्धा खुर्चीबाहेर. मी तो धरला तेव्हा नेहमीसारखाच होता, जड, थंड. दाबून पाहिला, बोटं हलवून पाहिली. काही नाही. आबा पंख्याकडे पाहत होते. टेनिसवालीची सर्व्हिस एव्हाना नेटमध्ये गेली होती, ते मला आठवतं. पहिल्या सेटमध्ये पाच-चार. तेही आठवतं.

"बेसबॉल लाव," सलीमभाई म्हणाला. "बंडू, बेसबॉल लाव लवकर."

मी परत चुकीचाच रिमोट उचलला, शेवटी त्यानंच मोबाइल घेतला. लिंक सुरू झाली आणि जिथं अडकली होती तिथूनच चालू झाली. मनूचा तोच घाबरलेला चेहरा. तिनं मान तिसऱ्या बेसकडे वळवली. पाहिलं. आणि चेहरा बदलला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बॉल आला, तिनं सोडला. वाईट बॉल. परत तिकडं पाहिलं. पुढचा बॉल मधोमध येत होता. मी ओरडलो, "मार!" तिनं सोडला. मी डोळे मिटले. शेवटच्या क्षणी तो खाली वळला म्हणे. वाईट बॉल. तिनं परत तिकडं पाहिलं... आणि या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

आवाज आला. ठण्ण. बाभळीच्या बॅटचा यायचा तसा नाही, अॅल्युमिनियमचा, पण तोच ताल. बॉल त्यांच्या दोन फिल्डर पोरींच्या मधून गेला आणि कुंपणाला लागला. एक पोरगी आत आली, बरोबरी. दुसरी आत आली. आपण जिंकलो.

सलीमभाईनं आबांचे पाय धरले. तो रडत होता आणि हसत होता आणि म्हणत होता, "सर, आपली पोरगी! सर, आपली पोरगी!" चाळीस वर्षांत मी त्याला आबांना घरात 'सर' म्हणताना ऐकलं नव्हतं. शेजारपाजारचे आत आले. कुणीतरी पेढे आणले. माझ्या छातीत एवढा अभिमान दाटला होता की मी कुणालातरी पेढ्याऐवजी रिमोट दिला.

तासाभरानं मनूचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. एव्हाना लोक गेले होते, आम्ही चौघंच. मी म्हणालो, "मनू, बेटा—"

"बाबा, आधी सांगा, आबा कुठं आहेत?"

"आबा? इथंच. खुर्चीत."

"खरं सांगा. तुम्ही लोक इकडं आलात का? सरप्राइज वगैरे?"

मी काही बोलणार तेवढ्यात सलीमभाईनं माझ्या तोंडासमोर हात धरला. डोळ्यांनी खुणावलं, तू गप. आणि स्वतः म्हणाला, "कायले विचारून राह्यली बेटा? काय झालं?"

"सलीमचाचा, मी तिसऱ्या बेसकडं पाह्यलं ना, सवयीनं... तिथं आमच्या कोच मॅडम होत्या, त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या मागं, जाळीजवळ, एक हात दिसला मले. लाइट तोंडावर होता, माणूस नाई दिसला. फक्त हात. त्यानं कान धरला."

रेखानं पदर तोंडात धरला.

"मले वाटलं, मी वेडी झाले. पण मी सोडला बॉल. परत पाह्यलं तर परत कान. तो बॉल तर मी मारणारच होते चाचा, एवढा सरळ येत होता."

"मंग?"

"मग गोफण." ती थांबली.  "चाचा, घड्याळाची काच चमकली. आतल्या बाजूनं. असं घड्याळ कोण घालतं?"

आम्ही तिला सांगितलं, अर्थातच. सलीमभाईनं सांगितलं, मला जमलं नाही.  मग ती एवढंच म्हणाली, "म्हणजे कळलं होतं त्यायले. जर्सीचं." आणि रडायला लागली. पण हे रडणं वेगळं होतं. बापाला एवढं कळतं.

आता तुम्ही जे विचाराल ते मी स्वतःला विचारून झालंय. डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सगळं तपासलं, हातात ताकद नाही. म्हणाले, कधीकधी झटका येऊन हात हलतो. मी म्हटलं, झटका कान धरतो का? तेही दोनदा, आणि मग गोफण? ते म्हणाले, मेंदूचं आपल्याला अजून फार कळलेलं नाही. मनूनं लहानपणापासून त्या खुणा पाहिल्यात, घाबरल्यावर तिला आतून आठवल्या असतील, हेही मान्य. ते घड्याळही तिनं रोज पाहिलंय. जाळीपलीकडं कुणी प्रेक्षक कान खाजवत असेल, हेही मान्य. पण मग आबांनी त्याच क्रमानं तेच का केलं? समोर तर टेनिस होतं. बेसबॉल अडकलेला, आणि अडकला नसता तरी चित्र प्रत्यक्ष खेळाच्या कितीतरी मागून येत होतं. मी वेळा जुळवायचा प्रयत्न केला. टेनिसचा स्कोअर, सामन्याचा व्हिडिओ, माझ्या मोबाइलवर लिंक परत सुरू झाल्याची वेळ. जुळतंसं वाटतं, पण माझ्या जुळवणीत मिनिटा-दीड मिनिटाचा घोळ आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. कोर्टात टिकणार नाही. घरात तर मी तसाही कधी टिकत नाही.

मनू परत आली तेव्हा स्टँडपासून तिला उघड्या जीपमधून आणली. आबांच्या शाळेच्या पोरी आल्या होत्या, आबांच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, काही तर नातवंडं घेऊन. जीप घरासमोर थांबली. आम्ही आबांची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली होती. आणि कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, पण ओट्यासमोर आल्यावर त्या सगळ्या बायांनी, पन्नाशीच्या, नऊवारीतल्या, ड्रेसमधल्या, एकेक करून स्वतःचा कान धरला. सरांचीच खूण, सरांच्या समोर. सलीमभाईनं तर दोन्ही धरले. मी आयुष्यात एवढा ताठ उभा राहिलो नव्हतो.

आबा वर पाहत होते, आकाशाकडे. ओट्यावर पंखा नाही ना.

मनू जर्सी घालून त्यांच्या पायाशी बसली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, म्हटलं आता परत रडते. ती म्हणाली, "राहू द्या बाबा. पाह्यलं त्यांनी."

त्यानंतर तो हात परत हलला नाही. आज इतके महिने झाले. मोटार असती तर मी खोलली असती, सिरीजचा दिवा लावून टोकन् टोक तपासलं असतं, करंट कुठून कुठं गेला ते शोधलं असतं. इथं खोलण्यासारखं काही नाही. कारण मला सापडलेलं नाही, आणि कारण न सापडता मोटार बंद करायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

रोज संध्याकाळी टेनिस लावतो. सलीमभाई येतो, उजवीकडे बसतो. तो टीव्ही पाहतो, स्कोअर सांगतो. मला स्कोअर कळत नाही आता. मी उशीवरच्या त्या हाताकडे पाहत बसतो.

कधी आबांना वाचा आली तर पहिला प्रश्न काय असेल, ते मला माहीत आहे. बंडू, डोळे कुठं होते?

तुमच्या हातावर, आबा.